अवशेषांचा सातबारा कसा फिरवावा

जमीन बळकावणं सोपं असतं हो. चार बंदुका, एक कंपनी आणि राजाला वाचता न येणाऱ्या कागदावर त्याची निशाणी, एवढ्यात काम होतं. खरी पंचाईत पुढे होते. ‘या लोकांना कधी धड एक भिंत बांधता आली नाही, म्हणून तर आम्ही आलो’ असं सांगत तुम्ही रानातून ऐटीत निघालेले असता आणि समोर ११ मीटर उंचीची भिंत उभी राहते. गडबडून जाऊ नका. भिंत पाडायची नसते, तिचा फेरफार करायचा असतो.

आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या दगडी नगराचंच प्रकरण घ्या, कारण इतकं नमुनेदार प्रकरण दुसरं सापडणार नाही. ग्रॅनाइटचे घडवलेले दगड, चुन्याचा टिपूस नाही, नुसती दगडावर दगड बसवलेली भिंत, आणि मोठ्या आवाराचा घेर सुमारे २५० मीटर. बांधणारे शोना लोकांचे पूर्वज, काळ ढोबळमानाने अकरावं ते पंधरावं शतक. इथलं सोनं किनाऱ्यावर सोफाल्याला उतरायचं आणि बदल्यात चिनी भांडी, इराणी मातीकाम, आपल्याकडचे काचमणी असं सगळं वर चढायचं. ‘झिम्बाब्वे’ म्हणजेच दगडी घरं. मालकाने दारावर पाटीच लावलेली. पण पाटी तुम्हाला वाचता येत नसेल तर ती नाहीच, असं धरून चालायचं.

आता दावेदार शोधा. तो मेलेला हवा, नामांकित हवा आणि त्याचे वारस कचेरीत हेलपाटे घालणारे नकोत. १८७१ साली कार्ल माउख नावाचा जर्मन प्रवासी तिथे पोचला आणि त्याने बायबलमधली शेबाची राणी निवडली. याला म्हणतात नजर! पुरावा? दरवाजावरच्या लाकडाचा त्याने एक तुकडा काढला, वास घेतला, तर तो अगदी त्याच्या शिसपेन्सिलीसारखा. पेन्सिल देवदाराची, देवदार लेबाननचा, लेबाननचा देवदार सॉलोमन राजाकडे, सॉलोमनकडे शेबाची राणी पाहुणी. झालं! एका पेन्सिलीत आफ्रिकेतून जेरुसलेम. लाकूड पुढे तिथल्याच रानातलं निघालं, पण नोंद एकदा चढली की खोडायला पिढ्या जातात. तेव्हा खिशात पेन्सिल ठेवायला विसरू नका. लिहायला नाही, हुंगायला.

एका दावेदारावर भागत नसेल तर लेबाननकडचे प्राचीन दर्यावर्दी फिनिशियन घ्या, अरब घ्या. अट एकच, तो बाहेरचा हवा. कारण मग तुम्हीही बाहेरचे, तोही बाहेरचा. म्हणजे तुम्ही बळकावत नाही, जुन्या मालकाचं काम पुढे चालवता. ब्रिटिश साम्राज्यवादी उद्योगपती सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने १८९० साली शोनांचा मुलुख, माशोनालँड, घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी थिओडोर बेंट यांना अवशेष तपासायला पाठवलं, त्या खर्चातही कंपनीचा वाटा. सापडलं ते स्थानिकांच्या वापरातलंच सामान, निष्कर्ष मात्र अरबस्तानाचा. खर्च कोण करतं हे लक्षात ठेवून खणणाऱ्याचा हात चुकत नाही. आसपासच्या इतर अवशेषांसाठी तर १८९५ साली सोनं शोधायला रीतसर कंपनीच निघाली, एन्शंट रुइन्स कंपनी. लाजायचं कशाला?

त्यानंतर पंचनाम्याच्या आधी झाडलोट. रिचर्ड हॉल यांना १९०२ साली अवशेष जपायला नेमलं. त्यांनी ते इतके जपले की काही ठिकाणी बारा बारा फूट माती उपसून फेकली. त्यांच्या मते तो नंतर वस्तीला आलेल्या काफिरांचा (गोऱ्यांच्या तोंडी हा काळ्या आफ्रिकींसाठीचा हिणकस शब्द) कचरा होता. हा कचराच म्हणजे मालकाचा पुरावा होता, हे वेगळं सांगायला नको. केरसुणी हे किती धारदार हत्यार आहे, याची महसूल खात्याला अजून पुरती कल्पना नसावी.

हरकतदार येतात, त्याला इलाज नाही. १९०५ साली डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी सगळं आफ्रिकी आणि मध्ययुगीन असल्याचं सांगितलं. १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी हॉलच्या फावड्यातून सुटलेल्या जागी खणून तेच सिद्ध केलं. तुम्ही ‘दोन्ही बाजू आहेत’ म्हणत राहा. १९६५ नंतर ऱ्होडेशियातल्या, म्हणजे याच देशातल्या, इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने तेच धोरण चालवलं. प्राचीन वास्तूंचे निरीक्षक पीटर गार्लेक खरं लिहीत होते, त्यांना १९७० साली देश सोडावा लागला.

अमेरिकेत याहून सुटसुटीत पद्धत आहे. काहोकियाचा मंक्स माउंड हा मातीचा ढीग ३० मीटर उंच आहे. असे ढीग बांधणारे कुणी वेगळेच, ती थोर जमात नामशेष झाली, असं ठरवायचं. १८३० साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात या गायब जमातीचा दाखला दिला, तोही मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याच्या समर्थनार्थ. १८९४ साली सायरस थॉमस यांनी ढीग याच लोकांच्या पूर्वजांचे असल्याचं दाखवून दिलं. हरकत मंजूर झाली, तोवर हरकतदार ओक्लाहोमात पोचून दोन पिढ्या झाल्या होत्या.

युरोपात मात्र हा उद्योग करू नका. पार्थेनॉन ग्रीकांना कसं जमलं असेल बुवा, असं विचारलंत तर लोक तुमच्याकडेच बघतील. इनिगो जोन्सने सतराव्या शतकात स्टोनहेंज रोमनांच्या नावावर केलं होतं खरं, पण त्यामुळे विल्टशायरमधून कुणा इंग्रजाला उठावं लागलं नाही. आपणही नाशिकची लेणी, भिंतीवर दान देणाऱ्या उषवदाताचं नाव ठळक कोरलेलं असताना, पांडवांच्या नावे करून मोकळे झालो. तो भाबडा फेरफार. त्याने कुणाचं शेत गेलं नाही.

शेवटी जंगम मालमत्ता. ग्रेट झिम्बाब्वेत साबणदगडाचे आठ पक्षी मिळाले. एक १८८९ मध्ये तिथून उचलला गेला आणि पुढे ऱ्होड्सच्या घरी पोचला. १९८० साली स्वतंत्र झालेल्या देशाने त्या दगडी घरांचंच नाव घेतलं आणि झेंड्यावर तो पक्षी बसवला. दक्षिण आफ्रिकेने १९८१ साली आपल्याकडचे काही पक्षी परत केले, बदल्यात मधमाश्या-मुंग्यांचा अख्खा संग्रह घेऊन. एका पक्ष्याचा खालचा अर्धा भाग १९०७ पासून बर्लिनच्या नावावर होता. तो २००३ साली झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारेत आला आणि वरच्या अर्ध्याला जोडला गेला. कागदोपत्री तो कायमस्वरूपी उसना दिलेला आहे. मालकाला, कूळ म्हणून.