संत्र्याच्या पेटीतलं इंडक्शन

डिस्क्रीट मॅथ्समध्ये, म्हणजे तर्क आणि सिद्धतांच्या गणितात, आकडेमोड फारशी नसते, हे ऐकून पोट्टे खूश होतात. खरंच आहे ते. आकडे कमी, 'समजा' जास्त. आणि 'समजा' लिहिलं की आपल्याला समजलं, असं पोट्टे समजतात.

'नागपुरातल्या प्रत्येक टपरीवरची तर्री तिखट असते.' याचं निगेशन, म्हणजे नेमका नकार, काय? निम्मा वर्ग लिहितो, 'एकाही टपरीवरची तर्री तिखट नसते.' चूक. निगेशनला फिक्की तर्री विकणारी एक टपरी पुरते. ती चालेल कशी, हा प्रश्न आपल्या पेपरचा नाही.

मग उलटी गंगा. जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत मांडायचं आणि १ = १ वर येऊन 'सिद्ध' लिहायचं. या वाटेने मी −१ = १ सुद्धा दाखवतो. दोन्ही बाजूंचा वर्ग करा, १ = १. झालं! वर्ग केल्यावर मागे फिरता येत नाही, एवढीच अडचण.

पण खरी जिरवतं ते इंडक्शन. दावा १ साठी दाखवायचा, मग कुठल्याही एनवरून एन + १ वर जाता येतं हे दाखवायचं, की तो सगळ्या संख्यांसाठी सिद्ध. संत्रेवाला म्हणतो, "एक चाखून पाहा ना भाऊ, सगळे गोड आहेत." हा झाला नुसता बेस केस, म्हणजे पहिली पायरी. त्याला पुढची पायरीही जोडून देऊ. दावा असा: कुठलीही एन संत्री घ्या, त्यांची गोडी सारखीच. एन = १ ला वादच नाही. आता एनसाठी खरं माना आणि एन + १ संत्री ओळीत मांडा. पहिलं बाजूला ठेवलं, उरलेली एन सारखी. ते परत ठेवून शेवटचं उचललं, तीही एन सारखी. मधली संत्री दोन्ही गटांत आहेत, म्हणून सगळी सारखी. सिद्ध!

घरी पेटी फोडली की निम्मी आंबट. घोळ कुठे झाला? पोट्टे एन = १०० पाशी शोधतात. घोळ १ वरून २ वर जाताना आहे. दोनच संत्री असली तर 'मधलं' असतं कुठे? एका गटात फक्त दुसरं, एका गटात फक्त पहिलं, दोघांची गाठच नाही. २ वरून ३, ३ वरून ४, पुढे सगळं ठणठणीत. साखळी तुटते ती पहिल्याच कडीला, आणि ती कडी वहीत 'हे उघड आहे' या शब्दांखाली झाकलेली असते.

बरं, जास्त चाखून भागतं म्हणावं, तर तेही नाही. एनचा वर्ग अधिक एन अधिक ४१ यात ० ते ३९ घाला, चाळीसही वेळा मूळ संख्याच मिळते. ४० घातलं की १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळीस गोड, एकेचाळिसावं आंबट.

रात्री पेटी रिकामी झाली की मात्र संत्रेवाल्याचं म्हणणं तर्काला धरून होतं, कारण ते खोटं पाडायला एकही संत्रं उरलेलं नसतं. तिच्यातले सगळे गोड आहेत. सगळे आंबटही आहेत.