मराठी ज्यूंबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय की कोकणातले ज्यू छळाला कंटाळून इस्रायलला गेले आणि तिथं मराठी टाकून दिली. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या या मराठी ज्यूंचा, ज्यू म्हणून इथं छळ झाला नाही. तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी ही माणसं 'शनवार तेली' म्हणून गावात मिसळून राहिली. १९४८ नंतर बरेच जण गेले ते धर्माच्या ओढीनं, काही चांगल्या रोजगाराच्या आशेनं. त्रास झाला तो उलट तिकडं. त्यांच्या ज्यूपणावरच धर्मगुरूंनी शंका घेतली, लग्नं अडली. आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठं १९६४ साली तिथल्या संसदेनं त्यांची बरोबरी मान्य केली.

भाषेचं म्हणाल, तर इस्रायलमधल्या दिमोना शहरातल्या आमच्या ओळखीच्या घरी नवसाला अजून मलिदा होतो. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नाबी या ज्यूंच्या प्रेषिताचं नाव. आजी मराठीत बोलतात, नातवंडं हिब्रूत उत्तर देतात. आजींना त्याचं वाईट वाटतं. याला भाषा टाकणं म्हणू नये, निदान आपण सीमाभागातल्यांनी तरी.

मेसेज पुढं पाठवलेल्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा, ही विनंती.