बडोदं अर्ध्या दिवसात उरकत नाही

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा येतो: “बडोद्यात लक्ष्मी विलास सोडून बघण्यासारखं काही नाही. अर्धा दिवस पुरे. जुन्या शहरात पायी फिरता येत नाही, मुलं कंटाळतात. सरळ स्टॅच्यू ऑफ युनिटी गाठा.” मी दांडिया बाजारात लहानाची मोठी झाले. हे वाचून दरवेळी जिवाला लागतं.

लक्ष्मी विलास बघाच. १८९० साली पूर्ण झालेला तो राजवाडा आहेच तसा. पण “सोडून काही नाही”? रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघितलाय का कुणी? भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा. बाहेरून साधा, लाकडी. आत वर गेलात की भिंती चित्रांनी भरलेल्या: कृष्णलीला, मराठी सरदार, त्यांच्याच शेजारी टोपीवाले इंग्रज. मागच्या हिवाळ्यात माझी आत्या तिथे एका चित्रातल्या बाईच्या नेसणीपाशी थबकली. “अगं, आमची आजी असंच नेसायची,” म्हणाली, आणि पुढे हलेचना. तिथून कीर्ती मंदिर, म्हणजे गायकवाड राजघराण्याचं स्मारक, जवळच. तिथली भित्तिचित्रं चित्रकार नंदलाल बोस यांची.

आता पायी फिरण्याचं. जुन्या शहराच्या मधोमध मांडवी नावाचा जुना मंडप आहे, तिथे उभं राहा. लहरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी हे चार दरवाजे चार दिशांना. एवढंसं ते जुनं शहर, सत्तरीतली माणसंही थांबत थांबत फिरतात. गर्दी असते, हे खरं. संध्याकाळी मंगळ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून सकाळी सातला निघायचं. दुकानांची शटर्स बंद असतात तेव्हाच वरचे कोरीव लाकडी सज्जे दिसतात. मग सेव-उसळ खायची, वर तिखट तर्री मागून घ्यायची, आणि न्याय मंदिर या जुन्या न्यायालयावरून सुरसागर तलावाच्या काठी टेकायचं.

मुलं कंटाळतात, हे तर मला अजिबात पटत नाही. सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे आणि इजिप्तची ममीसुद्धा. माझा भाचा त्या सांगाड्याची लांबी पावलांनी मोजत होता, मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बागेतून निघून काळा घोडा पुतळ्याजवळच्या पुलावर थांबा. खाली विश्वामित्रीच्या काठावर थंडीत मगरी ऊन खात पडलेल्या असतात, भर शहरात! आणि मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची फरशी आहे. बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं आणि पाठोपाठ गावोगावी वाचनालयं काढली. नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेला हा मुलगा. मराठी घरातल्या मुलांना ही गोष्ट इथे, याच शहरात सांगायला हवी.

स्टॅच्यू ऑफ युनिटीला जरूर जा, पण तो रस्ता नव्वदेक किलोमीटरचा, त्याला वेगळा दिवस द्या. चांपानेर-पावागढ दुसऱ्या दिशेला आहे, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. त्यालाही एक दिवस लागतो. म्हणजे किमान चार दिवस धरा, पहिले दोन शहराचे. लक्ष्मी विलास सोमवारी बंद असतो, तेव्हा तो दिवस मांडवीसाठी ठेवा.