दोन विषय घेतले म्हणून भत्ता बंद होतोच असं नाही
ऑस्ट्रेलियात सेमिस्टरला तीनपेक्षा कमी विषय घेतले की यूथ अलाउन्स (तरुण विद्यार्थ्यांना मिळणारा सरकारी भत्ता) बंद, असं एका लेखात सरळ ठोकून दिलंय. हे अर्धंच झालं. पूर्ण अभ्यासभाराच्या किमान ७५ टक्क्यांचा नियम खरा, म्हणजे नेहमीच्या चारांतले किमान तीन. पण गंभीर आजार किंवा अपंगत्वामुळे तेवढं झेपत नसेल तर हा भार २५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची सवलत आहे. मग चारांतला एकच विषय घेतला तरी सेंटरलिंकच्या (हे भत्ते देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) लेखी तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी. पंचविशी ओलांडलेल्या विद्यार्थ्यांच्या ऑस्टडी या भत्त्यालाही हेच लागू. (स्टुडंट व्हिसावाल्यांना हा भत्ता मुळातच नाही, तेवढं लेखकाने बरोबर लिहिलंय.)

माझी भाची मेलबर्नला शिकते. जन्म तिथलाच. आजारपणात दोन विषयांवर आली. डॉक्टरांच्या पहिल्या दाखल्यात नुसतं आजाराचं नाव होतं, अर्ज अडकला. दुसऱ्यात 'दोनपेक्षा जास्त विषय झेपणार नाहीत, किमान वर्षभर तरी' असं स्पष्ट लिहून घेतलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. आजाराने अभ्यासावर काय परिणाम होतो तेच त्यांना हवं असतं, आणि घाईतल्या दाखल्यात नेमकं तेच राहतं.

आणखी एक. विषय सोडला की १४ दिवसांत सेंटरलिंकला कळवावं लागतं. सेन्सस डेटच्या (फी न लागता विषय सोडण्याच्या शेवटच्या तारखेच्या) आत सोडला, फी वाचली, म्हणून मुलं निर्धास्त राहतात. फी वाचते हो, पण विषय तीनपेक्षा कमी झाले आणि सवलत मंजूर नसेल तर भत्त्याची वसुली मागे लागते.