परदेशी पैसा आणि सीमाभागातील महिला संस्था : एका फिरत्या संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येत असतो. महिला हक्कांच्या संस्थांना परदेशातून कोट्यवधी डॉलर मिळतात, त्याचा हिशेब कुणी मागत नाही, त्या पैशावर या संस्था आपली घरे मोडतात, सरकार सगळे देत असताना त्यांची गरज नाही आणि म्हणून अमेरिकेने मदत बंद केली ते बरेच झाले, असा त्याचा आशय आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या नात्यातली, सज्जन म्हणून ओळखली जाणारी माणसे आहेत, म्हणूनच त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान कोट्यवधी डॉलरचे. त्याच्या पुष्ट्यर्थ फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतून जाहीर झालेला, भारतातील मतदान वाढवण्यासाठी २ कोटी १० लाख डॉलर दिल्याचा दावा जोडलेला असतो. आपल्याच अर्थ मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालानुसार यूएसएडचे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेचे, भारत सरकारसोबत सुमारे ७५ कोटी डॉलरचे सात प्रकल्प चालू होते आणि त्यांचे विषय शेती व अन्नसुरक्षा, पाणी व स्वच्छता, नवीकरणीय ऊर्जा, आपत्ती व्यवस्थापन आणि आरोग्य असे होते. त्यात मतदान नाही आणि महिला हक्क संस्थाही नाहीत. जगभराचा हिशेब पाहिला तरी श्रीमंत देशांच्या अधिकृत विकास मदतीतील १ टक्क्याहूनही कमी वाटा महिला हक्क संस्थांच्या हाती पडतो. ‘स्त्रियांसाठी’ म्हणून दाखवलेला बहुतेक पैसा सरकारे, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणा आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्था यांच्याकडे जातो, तालुक्याच्या गावातील दोन खोल्यांच्या कचेरीपर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

हिशेब कुणी मागत नाही, हे तर वस्तुस्थितीच्या थेट उलट आहे. परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय किंवा पूर्वपरवानगी मिळाल्याशिवाय कोणत्याही संस्थेला बाहेरचा एक रुपयाही घेता येत नाही. त्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि तिने मागील तीन वर्षांत आपल्या कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. देणगी केवळ स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घेता येते आणि दर वर्षी लेखापरीक्षित हिशेब केंद्रीय गृह मंत्रालयाला द्यावा लागतो. आजवर २० हजारांहून अधिक नोंदण्या रद्द झाल्या आहेत. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि परदेशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी घातली. आपल्या भागाला सर्वांत जास्त झळ या शेवटच्या तरतुदीची बसली. पूर्वी बंगळूर किंवा मुंबईची मोठी संस्था देणगी घेई आणि तिचा लहानसा हिस्सा खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेला देई, ती वाट बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली, त्यामुळे तिच्या घटनात्मकतेबद्दल मी वाद घालत नाही. पण ज्या संस्थांना परदेशी पैसा कायद्यानेच मिळू शकत नाही, त्यांच्यावर परदेशी पैशाचा आरोप करू नये, एवढे तरी आपण मान्य करायला हवे.

घरे मोडतात, या आरोपाने मला सर्वांत जास्त वेदना होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, कर्नाटकातील विवाहित स्त्रियांपैकी ४४.४ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. ही घरे संस्थेची पायरी चढण्याआधीच मोडलेली असतात. सीमेलगतच्या एका गावी अशाच एका संस्थेच्या खोलीत गेल्या पावसाळ्यात मी बसले होते. इकडची लेक, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दिलेली, दोन वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी परतलेली. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला, कडा भिजलेला कागद काढला. तिच्याच तक्रारीची ती प्रत होती, पण कन्नडमध्ये. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या त्या मुलीने खाली सही केली होती आणि वर काय लिहिले आहे ते तिला ठाऊक नव्हते. संस्थेतल्या ताईंनी तो एकेक ओळ मराठीत वाचून दाखवला आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती आज जिथे राहते तिथल्याच न्यायालयात अर्ज करता येतो, त्यासाठी चंदगडला खेटे घालावे लागत नाहीत, हे समजावून सांगितले. त्या तासाभरात घटस्फोट हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही.

सरकार सगळे देते, याचेही उत्तर याच मुलीच्या कागदांत आहे. कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये रेशन कार्डावरील कुटुंबप्रमुख स्त्रीला मिळतात, म्हणजे तिच्या माहेरी ते आईला मिळतात आणि हिचे नाव त्या कार्डावरून लग्नानंतरच कमी झालेले आहे. महाराष्ट्रातील लाडकी बहीण योजनेत परराज्यात जन्मलेल्या स्त्रीसाठी नवऱ्याचे दाखले चालतात, आणि ते दाखले ज्याने हिला मारले त्याच्याच कपाटात आहेत. दोन्ही योजना चांगल्या आहेत, असंख्य घरांत त्यांचा आधार झाला आहे. पण दोन राज्यांच्या मधल्या फटीत अडकलेल्या बाईचा हात धरून तिला कचेरीपर्यंत नेणारे माणूस या दोन्ही योजनांत बसवलेले नाही.

राहता राहिला तो परका पैसा म्हणजे परके विचार, हा समज. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले ते बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या मदतीवर. धर्मांतराच्या वादाने तेव्हा पालकांनी मुली काढून नेल्या आणि ती भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि तीन वर्षांनी विधवांसाठी आश्रम काढला. त्या आश्रमाला आज कोणी परका म्हणत नाही. आपल्या आईच्या, वहिनीच्या बचत गटाचेही तसेच. परदेशी देणग्याही घेणाऱ्या मायराडा या संस्थेने कर्नाटकात हे गट बांधले, १९८७ मध्ये नाबार्डने त्या प्रयोगाला १० लाख रुपये दिले आणि १९९२ पासून गट बँकांना जोडले जाऊ लागले. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या स्त्रियांच्या पुनर्वसनातही हीच संस्था राज्य महिला विकास महामंडळाच्या बरोबरीने उतरली. त्यातून उभ्या राहिलेल्या, पूर्वाश्रमीच्या देवदासींच्या स्वतःच्या संस्थेचे काम करणाऱ्या सीतव्वा जोडट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

निपाणीच्या तंबाखू आणि विडी कामगार बायांनी परदेशी पैशाशिवाय संघटना उभारली, हे खरे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्यांच्या हातात मजुरी होती, त्यातून वर्गणी निघत असे. मारहाण होऊन रात्री घराबाहेर काढलेल्या बाईकडे बसचे तिकीटही नसते.

मग मदत बंद झाली ते बरे झाले का? मार्च २०२५ मध्ये यूएन विमेन या संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने संकटग्रस्त ४४ ठिकाणच्या ४११ संस्थांना विचारले तेव्हा ९० टक्के संस्थांना कपातीची झळ बसली होती आणि ४७ टक्के संस्थांना सहा महिन्यांत बंद पडण्याची भीती होती. मी पाहिलेल्या त्या खोलीतल्या ताईंचे मानधन बंगळूरहून येणारा हिस्सा थांबल्यापासून निम्मे झाले आहे. आता त्या आठवड्यातून दोनच दिवस येतात, आणि ते दोन दिवस कोणते, हे दारावर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत खडूने लिहिलेले असते.