धैर्य आणि न्याय : घरच्या घरी, कुणालाही न दुखवता

आपल्या मंडळीत धैर्य उरलं नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी रविवारी भक्ती सुटल्यावर चर्चच्या आवारात जरा थांबावं. स्कूटरमागे कुणी गाडी लावून गेलेलं असलं की कसले कसले वीर जागे होतात ते दिसेल. तेव्हा माल भरपूर आहे. तो सोमवार ते शनिवार सांडू न देता कसा जपायचा, एवढंच शिकायचं आहे.

ख्रिस्ती परंपरा चार मुख्य सद्गुण सांगते : विवेक, न्याय, धैर्य, संयम. यातला संयम नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत संध्याकाळी सहाला आपोआप अंगी येतो. विवेक म्हणजे कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, आणि तो आपल्याकडे लहानपणीच पाजलेला असतो. उरले दोन. तेच जरा अडचणीचे आहेत.

धैर्य दाखवायला सगळ्यांत सुरक्षित जागा म्हणजे इतिहास. तुम्ही शरणपूर रोडवरून रोज जाता. त्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात मिशनचं आफ्रिकन असायलम होतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली पोरं तिथं राहायची, शिकायची. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या तुकडीत गेला. 1873 च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याच्या माणसांनी हृदय तिथंच झाडाखाली पुरलं. वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, खोडावर अक्षरं कोरली, आणि मग सगळ्यांनी मिळून ते शव कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत नेलं. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं, तेव्हा शवपेटीजवळच्या मानकऱ्यांत हा नाशिकला शिकलेला मुलगा होता.

ही गोष्ट संडेस्कूलमध्ये जरूर सांगा. पोरांचे डोळे भरून येतील अशी सांगा. मात्र त्याच गल्लीतल्या, डायलिसिसला एकट्या रिक्षाने जाणाऱ्या आजींचा विषय मध्येच काढू नका. हजारभर मैल शव वाहून नेणं वेगळं. दवाखान्यापाशी पार्किंग मिळत नाही.

काळाराम मंदिराचंही तसंच. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, तेव्हा तुम्ही असता तर पहिल्या रांगेत असता, याबद्दल मनात शंका आणू नका. तारीख उलटून गेलेल्या लढाईत आजवर कुणी पळून गेल्याचं ऐकिवात नाही.

वर्तमानकाळात धैर्य लागलंच, तर थॉमस अक्वायनसचा आधार घ्या. तेराव्या शतकातला हा थोर ख्रिस्ती धर्मपंडित म्हणतो की धैर्याचं मुख्य काम चाल करून जाणं नाही, तर धोक्यासमोर पाय रोवून टिकणं, सोसणं. वाचून किती बरं वाटतं पाहा! सोसण्यात आपला हात कोण धरील? शेजारचा रोज रात्री बायकोला मारतो, ते आपण भिंतीपलीकडून गेली कित्येक वर्षं सोसतोय. सातपूरच्या कारखान्यात कंत्राटी पोराला पावती न देता पैसे कापतात, तेही आपण त्याच्याच शेजारी डबा खाताना निमूटपणे सोसतो. दुसऱ्याचं दुःख सोसण्याची आपली ताकद पाहून संतसुद्धा थक्क होतील. (त्याच प्रकरणात अक्वायनस असंही म्हणतो की धीराचा माणूस रागाचाही योग्य वापर करतो. ते पान घाईने उलटा.)

आणि एवढं करूनही कुणी थेट दारात आलं, तर वाक्य तयार ठेवा : “प्रार्थनेत ठेवतो.” हे खालच्या आवाजात, खांद्यावर हात ठेवून म्हणायचं. हात तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, समोरचा बसतो.

आता न्याय. न्याय म्हणजे ज्याचं त्याला देण्याची ठाम, कायमची इच्छा, अशी जुनी व्याख्या आहे. ती बिनदिक्कत मान्य करा. ज्याचं ते किती, हे ठरवायला आपण बसलेलोच आहोत.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय मात्र सांभाळून वाचा. नाशिक जिल्ह्यात हा अध्याय ज्वालाग्राही आहे. पंधराव्या वचनात म्हटलंय की न्याय करताना गरिबाची भीड धरू नको आणि बड्याचा मुलाहिजा ठेवू नको. यातलं पहिलं अर्धं पाठ करा. फार उपयोगी पडतं. पण वर नजर गेली तर पंचाईत. तेराव्यात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायला बंदी आहे. आणि दहाव्यात तर देवाने थेट द्राक्षमळ्यालाच हात घातलाय : मळा पार झाडून नेऊ नको, पडलेले मणी वेचू नको, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे.

आता दिंडोरीकडे ज्याची बाग आहे त्याने हे कसं पाळायचं? एक्सपोर्टचा माल. मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये बघतात. सरवा कुठला ठेवणार, उरलंसुरलं बेदाण्याला जातं. राहिला परका. तो पेठ-सुरगाण्याहून बायकापोरांसह येतो, बागेच्या कडेला झोपडं टाकतो, छाटणीपासून खुडणीपर्यंत राबतो. त्याची मजुरी तुम्ही रात्रभर ठेवत नाही. छे! ती मुकादमाकडे असते. मुकादम म्हणतो व्यापाऱ्याचे पैसे आले की देतो, व्यापारी म्हणतो कंटेनर पोचला की. म्हणजे वचन मोडणारा सापडेपर्यंत समुद्र ओलांडावा लागतो, आणि तोवर तुमचे हात स्वच्छ. येशूला क्रुसावर द्यायला सोपवून हात झटकणाऱ्या पिलाताला हात धुवायला कुणीतरी पाणी आणून द्यावं लागलं असेल. आपल्याकडे गंगापूर धरणाचं पाणी सकाळी थेट नळाला येतं.

ज्यांची बाग नाही त्यांनी निराश होऊ नये. घरकामाच्या मावशी आहेत. त्यांच्या दोन खाड्यांचे पैसे कापा आणि नाताळात जुनी साडी द्या. कापलेलं कुणी बघत नाही. साडीचा फोटो निघतो.

मुलामुलीचं स्थळ बघताना न्यायाची खरी परीक्षा असते. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, हे पौलाचं वचन पत्रिकेवर सोनेरी शाईत छापा. ब्राह्मण घरात जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, इथल्याच जलालपूरला जन्मलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही पुढे जातपात झुगारली, हे पाहुण्यांना चहाबरोबर सांगा. मग कप खाली ठेवता ठेवता, सहज, हवापाण्याचं विचारावं तसं विचारा : “तुम्ही मूळचे कुठले?” गावाचं नाव सांगितलं तर हसून पुन्हा विचारा. त्यांना कळतं.

इतकी काळजी घेऊनही कधी कधी घरातच कुणाला लागण होते. वार्षिक सभा चाललेली असते, हिशेब वाचून झालेला असतो, बाहेर पुलावाचं पातेलं उतरलेलं असतं, आणि तुमची कॉलेजातली मुलगी उठून विचारते की नवीन साउंड सिस्टिमला पैसे आहेत, तर चर्च झाडणाऱ्या मावशींचा पगार इतकी वर्षं तेवढाच का?

घाबरू नका, रागावू तर मुळीच नका. आधी तिचं तोंड भरून कौतुक करा. आजच्या तरुणांना अशी तळमळ आहे हे पाहून धन्यता वाटते, असं पंचांपैकी सगळ्यांत वयस्क माणसाने म्हणावं. मग विषय कमिटीकडे पाठवा. ती पुढच्या महिन्यात पुन्हा विचारील, त्याच्या पुढच्याही. लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायातल्या विधवेने तशाच खेपा घालून एका उलट्या काळजाच्या न्यायाधीशाकडून न्याय काढून घेतला होता. म्हणून हे फार लांबू देऊ नये. त्या न्यायाधीशाला कमिटी नेमायचं सुचलं नाही, तिथं तो फसला.

तुम्ही तिला कॅरल कमिटीची चिटणीस करा. घरांची यादी, गिटारवाला, टेम्पो, केक, कोणाकडे किती वाजता आणि कोणाकडे आधी का गेलात म्हणून रुसलेले, हे सगळं तिच्या गळ्यात घाला. नाताळापर्यंत तिला पगार म्हणजे काय हे आठवायचं नाही.

मावशींना मात्र चुकूनही कुठल्या कमिटीत घेऊ नका. त्यांना आकडा तोंडपाठ असतो.