मायामी बुडायची तारीख कुणी दिली?

अण्णामामांचा फॉरवर्ड एरवी मी उघडलाही नसता. पण तो वाचून नववीतल्या भाचीने शाळेच्या प्रकल्पातला हवामानबदलाचा तक्ता फाडून काढला आणि मला विचारलं, "मावशी, हे सगळं थोतांडच ना?" म्हणून हा खटाटोप.

फॉरवर्ड म्हणतो : १९५८ साली अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या फिल्ममध्ये नासाच्या शास्त्रज्ञाने सांगितलं, २००० सालापर्यंत अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं मायामी शहर समुद्राखाली जाईल. गेलं नाही. भाकीत फसलं म्हणून फिल्म दडपली. तेव्हा कार्बन डायऑक्साइडबद्दल कुणाला काही ठाऊकच नव्हतं, कंपनीला लोकांना घाबरवून धंदा करायचा होता. खाली दोन मिनिटांची क्लिप.

मामा, क्लिप तुम्हीच पाठवलीत, पण ऐकली नाहीत. तिच्यात २००० साल नाही. कुठलंच साल नाही! फिल्म आहे बेल सिस्टिमची, म्हणजे त्याच टेलिफोन कंपनीची, 'द अनचेन्ड गॉडेस', निर्माता हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रँक काप्रा. क्लिपमधला माणूस म्हणतो की कारखाने आणि मोटारींतून आपण दरवर्षी सहा अब्ज टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, हवा तापत चाललेली दिसते, आणि तापमान काही अंशांनी वाढून ध्रुवांवरचं बर्फ वितळलं, तर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात समुद्र शिरेल आणि पर्यटक काचेच्या तळाच्या होडीतून मायामीचे बुडालेले मनोरे बघतील, दीडशे फूट पाण्याखाली. 'वितळलं तर.' या 'तर'च्या जागी कुणीतरी '२००० साली' चिकटवलं आणि मग 'बघा, फसलं' म्हणून टाळ्या पिटल्या. दीडशे फूट हा आकडाही फुगवलेला नाही, पृथ्वीवरचं सगळं बर्फ वितळलं तर पाणी त्याहूनही वर चढेल. आणि आजच्या मायामीचं म्हणाल, तर मोठ्या भरतीला पाऊस नसतानाही तिथे रस्त्यावर पाणी येतं. शेजारच्या मायामी बीचने रस्ते उंच केलेत, पंप बसवलेत.

एक मात्र मान्य करावं लागेल. असं वितळायला शतकं, कदाचित हजारो वर्षं लागतील, हे फिल्म सांगत नाही. ऐकणाऱ्याला उद्याच बुडणार असं वाटू शकतं. शिवाय हा वायू सूर्याची उष्णता शोषायला मदत करतो, असं ती म्हणते. खरं तर तो जमिनीकडून परत निघालेली उष्णता अडवतो. मास्तरांनी तिथे अर्धा मार्क कापला असता.

नासाचा शास्त्रज्ञ? फिल्म टीव्हीवर दाखवली १२ फेब्रुवारी १९५८ला. नासाचं काम सुरू झालं त्याच वर्षी १ ऑक्टोबरला. पडद्यावरचे 'डॉ. रिसर्च' म्हणजे फ्रँक बॅक्स्टर, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात इंग्रजीचे प्राध्यापक, टीव्हीवर शेक्सपिअर शिकवून प्रसिद्ध झालेले. "म्हणजे शास्त्रज्ञ नव्हताच!" असं मामा आता म्हणतील. नव्हता. तो निवेदक होता. बातम्या वाचणारी बाई पाऊस पाडत नाही.

दडपली म्हणे. देशभर टीव्हीवर दाखवलेली, मग १६ मिलिमीटरच्या प्रतींवरून वर्षानुवर्षं शाळांच्या वर्गांत फिरलेली फिल्म! अशी दडपादडपी माझ्या लेखांच्या वाट्याला यावी.

कुणाला ठाऊक नव्हतं, हेही खोटं. हा वायू उष्णता अडवतो हे जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ सालीच प्रयोगाने दाखवलं होतं, आणि तो दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचं गणित स्वीडनच्या अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ साली मांडलं होतं. फिल्म दाखवल्यावर जेमतेम दीड महिन्याने, मार्च १९५८मध्ये, चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी हवाईतल्या माउना लोआ या डोंगरावर सुरू झाली. तेव्हा आकडा दहा लाख भागांत ३१५च्या आसपास होता. आज तो ४२०च्या वर आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण मामा, हे दोन आकडे तेवढे लक्षात ठेवा.

राहिला धंदा. जाहिरात होतीच, नाही कशाला म्हणू? कंपनीला शाळांत आणि घरांत नाव हवं होतं. पण हवामानाची भीती घालून फोन कसे विकतात? देशातले बहुतेक फोन आधीच त्यांचे होते.

भाचीने तक्ता पुन्हा करायला घेतलाय. कार्डशीट मामांनी आणून द्यायचीय, निळी, दोन.